वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या खेड्यातील चर्च आणि त्याच्या आसपासचा इतिहास

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या भागांतील अनेक कुटुंबांतील मुलेमुली आता नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतात आणि त्यांच्याकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणारे आईवडील लंडन एकदा पाहून झाले की जवळपासच्या खेड्यांत फिरू लागतात. तेथे पहिली नजर जाते ती दगडी मनोऱ्याच्या जुन्या चर्चकडे. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : मुलाचे घर ऑक्सफर्डशायरमधील एका लहान गावालगत आहे. गावात दुकान एकच, पण चर्च मात्र भलेमोठे. आम्ही हिंदू आहोत. आत गेले तर चालते का? आणि एवढ्याशा गावाला एवढे चर्च कशासाठी? (एक वाचक भगिनी, ताराबाई पार्क)

उत्तर : अवश्य जावे. चर्च ऑफ इंग्लंडची गावोगावची चर्चे कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली असतात आणि पुष्कळ ठिकाणी दिवसभर दार नुसते लोटलेले असते. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे मिळेल याची चिठ्ठी बहुधा दाराजवळच्या फलकावर लावलेली आढळते. पादत्राणे काढण्याची पद्धत नाही. पुरुषांनी टोपी काढावी, एवढाच जुना संकेत आहे. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे. प्रभुभोजनासाठी (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी) लोक वेदीकडे जाऊ लागले की आपण जागेवरच बसून राहिलो तरी कोणी वावगे मानत नाही. भिंतीत किंवा दाराशी दानपेटी असते, अलीकडे कार्डाचे यंत्रही असते. अभिप्रायवहीत दोन ओळी जरूर लिहाव्यात, कारण दुरुस्तीसाठी अनुदान मागताना इमारत पाहायला लोक येतात हे दाखवण्यास ती वही उपयोगी पडते.

चर्च एवढे मोठे का, याचे उत्तर मात्र निव्वळ भक्तीत शोधून सापडणार नाही. सुमारे बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत जवळजवळ सगळा इंग्लंड पॅरिश नावाच्या लहान लहान हद्दींमध्ये विभागला गेला होता आणि आजही चर्चच्या हिशेबात देशाची प्रत्येक इंच जमीन कोणत्या ना कोणत्या पॅरिशमध्ये मोडते. अशा पॅरिश सुमारे साडेबारा हजार असून चर्चच्या इमारती सोळा हजारांच्या घरात आहेत. पुढे राज्यकारभाराची कामेही याच हद्दींवर सोपवण्यात आली. १५५५ च्या कायद्याने गावचे रस्ते राखण्याची जबाबदारी पॅरिशवर आली आणि गावकऱ्यांना वर्षातून चार दिवस रस्त्यावर विनामोबदला राबावे लागू लागले; थोड्याच वर्षांत चाराचे सहा दिवस झाले. १६०१ च्या कायद्याने गावातील निराधार, म्हातारे आणि अनाथ यांना पोसण्याचे कामही पॅरिशकडेच आले आणि त्यासाठी घरपट्टीसारखी पट्टी बसवण्याचा अधिकार तिला मिळाला. कोणाला मदत द्यायची, कोणाला हद्दीबाहेर घालवायचे, पूल कोणी दुरुस्त करायचा, हे सगळे चर्चमध्ये भरणाऱ्या गावसभेत ठरत असे. म्हणून या इमारतीकडे पाहताना प्रार्थनेच्या जागेइतकेच गावच्या चावडीकडे पाहत आहोत असे समजावे. १८३४ नंतर गरिबांच्या पोषणाचे काम मोठ्या संघांकडे गेले, १८९४ मध्ये निवडून दिलेल्या ग्रामपरिषदा आल्या आणि कारभार चर्चपासून वेगळा झाला. हद्दींचे नाव मात्र दोन्हीकडे तेच राहिले आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच.

त्या जुन्या व्यवस्थेचा एक अवशेष अजून शिल्लक आहे. पॅरिशमध्ये राहणाऱ्या माणसाला, तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो, चर्चच्या आवारात जागा शिल्लक असेल तर तेथे दफनाचा हक्क असतो. आपल्या मुलाच्या घराचा पत्ता ज्या पॅरिशमध्ये येतो, तेथे तो हक्क त्यालाही आहे.

प्रश्न : खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर विद्यार्थ्यांना दाखवताना मी खांबांची घडण, शिल्पांची शैली यांवरून काळाचा अंदाज करायला शिकवीत असे. इंग्लंडमधील चर्चच्या बाबतीत अशी काही खूण आहे का? (निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज)

उत्तर : आहे, आणि तिची सुरुवात कमानीपासून करावी. अर्धवर्तुळाकार, जाड, प्रसंगी नागमोडी नक्षीने वेढलेली कमान दिसली तर ती बहुधा १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकातली असते. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून कमानीला टोक येऊ लागले. पुढे खिडक्या रुंदावत गेल्या, त्यांतील दगडी जाळी नाजूक झाली, आणि पंधराव्या शतकात तर भिंतींपेक्षा काचच जास्त वाटावी अशी चर्चे उभी राहिली. त्यामुळे एकाच इमारतीत तीन-चार शतकांच्या कमानी शेजारी शेजारी आढळतात. गावाकडे पैसा आला की एक बाजू वाढवायची, मनोरा उंच करायचा, आणि पैसा आटला की काम तिथेच थांबवायचे, असे ते शतकानुशतके चालले.

आपण खिद्रापूरचा उल्लेख केला आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे शिलाहारांच्या काळी, बाराव्या शतकात, ते मंदिर घडत होते, त्याच शतकात, ११४० च्या सुमारास, वेल्सच्या सीमेलगत हेरफर्डशायरमधील किलपेक या खेड्यात एक लहानसे चर्च बांधले गेले. त्याच्या दक्षिण दारावर गुंफलेले सर्प, वेली आणि योद्धे कोरलेले आहेत, तर छताखालच्या दगडी टोड्यांवर कुत्रा आणि ससा यांच्यापासून ते आजच्या सभ्यतेला संकोच वाटावा अशा स्त्रीमूर्तीपर्यंत सगळे काही आहे. त्याहूनही जुने पाहायचे असेल तर डरहॅम परगण्यातील एस्कम येथे सातव्या शतकातले सॅक्सन (नॉर्मनांच्या आधीच्या काळातले) चर्च आजही उपासनेत आहे. त्याचे बरेचसे दगड जवळच्या ओसाड रोमन ठाण्यातून आणलेले आहेत. एसेक्समधील ग्रीन्स्टेड येथे तर ओकच्या उभ्या फाकलेल्या ओंडक्यांची भिंत अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उभी आहे.

दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. पहिली अशी, की एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया राणीच्या काळी हजारो चर्चांचा जीर्णोद्धार झाला आणि तो करणाऱ्यांनी अनेकदा खऱ्या जुन्या भिंती पाडून त्यांच्या कल्पनेतले मध्ययुग नव्याने बांधले. त्यामुळे फार नीटनेटके, काटेकोर दगडकाम दिसले की शंका घ्यावी. आमच्या मते या उत्साही मंडळींनी केलेले नुकसान मूर्तिभंजकांपेक्षा फारसे कमी नाही. दुसरी गोष्ट त्या मूर्तिभंजकांची. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडल्यानंतर काही वर्षांतच मूर्ती हटवण्यात आल्या आणि भिंतीवरची चित्रे चुन्याने पोतून टाकण्यात आली. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग नावाचा अधिकारी पूर्व इंग्लंडमध्ये गावोगाव फिरून रंगीत काचा आणि देवदूतांच्या प्रतिमा फोडवून घेत होता आणि काय काय फोडले याची रोजनिशीही ठेवत होता. गंमत अशी की चुन्यानेच कित्येक चित्रे वाचवली. यॉर्कशायरमधील पिकरिंगच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातील चित्रांची अख्खी मालिका १८५२ मध्ये चुना खरवडताना पुन्हा उजेडात आली.

बाप्तिस्म्याचे दगडी कुंड अवश्य पाहावे. चर्च नव्याने बांधले तरी जुने कुंड सहसा टाकून देत नसत, त्यामुळे पुष्कळ गावांत इमारतीतली सर्वांत जुनी वस्तू तीच असते.

प्रश्न : अंबाबाईच्या किरणोत्सवाप्रमाणे चर्चमध्येही ठरावीक दिवशी सूर्यकिरण वेदीवर पडावेत अशी रचना असते का? (एक वाचक, महाद्वार रोड)

उत्तर : जुनी चर्चे पूर्व-पश्चिम बांधलेली असतात, वेदी पूर्वेला असते आणि लोक पूर्वेकडे तोंड करून बसतात, त्यामुळे सकाळचे ऊन वेदीमागच्या खिडकीतून आत येते. ज्या संताच्या नावाचे चर्च त्याच्या सणाच्या दिवशीच्या सूर्योदयाकडे त्याचा रोख साधलेला असतो, अशी एक जुनी समजूत आहे. परंतु ती सरसकट लागू पडत नाही. पायापासून मुखापर्यंत तीन दिवसांत चढत जाणाऱ्या मावळत्या किरणांसारखा, ठरलेल्या तारखांचा सोहळा तेथील गावचर्चांच्या परंपरेत नाही.

प्रश्न : आमचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. कापडाच्या पैशातून तेथे मोठी चर्चे बांधली गेली असे ऐकले. आज या इमारतींचा खर्च सरकार करते का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : ऐकले ते खरे आहे, फक्त सूत कापसाचे नव्हे, लोकरीचे. चौदाव्या-पंधराव्या शतकात इंग्लंडची संपत्ती म्हणजे मेंढीच्या पाठीवरची लोकर. आधी ती कच्ची निर्यात होई, पुढे तिचे कापड विणून निर्यात होऊ लागले आणि सफक, ग्लॉस्टरशायर या परगण्यांतील खेडी श्रीमंत झाली. सफकमधील लॅव्हनम येथील चर्चचा मनोरा १४१ फूट उंच आहे आणि तो उभारण्यात स्प्रिंग नावाच्या कापड व्यापारी घराण्याचा मोठा वाटा होता. त्या घराण्याच्या खुणा मनोऱ्यावर कोरलेल्या आहेत. ग्लॉस्टरशायरमधील नॉर्थलीच येथे लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या कबरींवर पितळी पत्रे बसवलेले आहेत आणि त्यांवर कोरलेल्या व्यापाऱ्यांच्या पायाखाली मेंढी आणि लोकरीचे गाठोडे दाखवले आहे. सरदारांच्या पायाशी सिंह किंवा कुत्रा असे. हे लोक मात्र आपला धंदाच पायाशी घेऊन निजले आहेत. त्याच परगण्यातील फेअरफर्ड येथे लोकरीच्या पैशातून केलेल्या मध्ययुगीन रंगीत काचांच्या २८ खिडक्यांचा संच जवळजवळ पूर्ण टिकून आहे. पुढे कापडाचा धंदा या गावांतून उठून गेला. मागे पैसा न राहिल्यामुळे जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत कोणाची उरली नाही आणि म्हणूनच आज लॅव्हनम जसेच्या तसे पाहायला मिळते. इचलकरंजीच्या वाचकाने हे वाचताना मनात काय आणावे ते आम्ही सांगायला नको.

आता आजच्या खर्चाविषयी. चर्च ऑफ इंग्लंड राजमान्य असले तरी गावच्या चर्चला सरकारकडून नियमित वेतन किंवा देखभालखर्च मिळत नाही, ही गोष्ट आपल्याकडील बहुतेकांना खरी वाटत नाही. पूर्वी शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे; धान्य, कोकरे, अंडी अशा स्वरूपात तो गोळा होऊन कोठारात जाई. १८३६ च्या कायद्याने त्याचे रोख रकमेत रूपांतर झाले आणि विसाव्या शतकात तो बंदच झाला. त्या १८३६ च्या कामासाठी काढलेले गावोगावचे नकाशे मात्र आजही शेतांच्या जुन्या नावांसाठी इतिहासकारांना अमूल्य वाटतात.

आज गावची मंडळी स्वेच्छेने जी वर्गणी देतात तिचा मोठा भाग वरिष्ठ धर्मप्रांताकडे जातो आणि त्यातून व्हिकरचे, म्हणजे गावच्या धर्मगुरूचे, मानधन भागते. छप्पर गळाले तर ते गावानेच पाहायचे. १९५५ पासूनच्या नियमानुसार दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून इमारतीची तपासणी करून घ्यावी लागते आणि त्याचा अहवाल हाती आला की चर्चची समिती पैसा कोठून आणायचा या विवंचनेत पडते. लॉटरीच्या उत्पन्नातून चालणाऱ्या वारसा निधीकडे किंवा खासगी न्यासांकडे अर्ज करायचे, उन्हाळ्यात चर्चच्या हिरवळीवर जत्रा भरवायची, घरी केलेले केक आणि मुरंबे विकायचे, जुन्या पुस्तकांचे टेबल मांडायचे, असे हे चालते. त्यात छपरावरचे शिसे चोरीला जाण्याचा ताप वेगळा. शिवाय वटवाघळांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ती वेदीवर घाण करीत असली तरी त्यांना हुसकावता येत नाही. बाक हलवायचे असले किंवा चहासाठी मोरी बांधायची असली तरी चर्चच्या स्वतंत्र न्यायव्यवस्थेची लेखी परवानगी लागते.

हा सगळा भार वाहतात ते दोन चर्चवॉर्डन आणि समितीची मूठभर माणसे. चर्चवॉर्डन हे पद मध्ययुगापासूनचे आहे. दरवर्षी निवडणूक होते आणि मोबदला काहीही मिळत नाही. या कामाला तरुण माणसे फारशी पुढे येत नाहीत, आणि एकेका व्हिकरकडे पाच-सहा, कधी त्याहून जास्त गावे असल्याने रोजच्या अडचणींना उत्तर देण्यासाठी गावात तोही हजर नसतो. मंडळी संपली की चर्च बंद पडते. अशा बंद पडलेल्या पण मोलाच्या साडेतीनशेहून अधिक चर्चांचा सांभाळ १९६९ मध्ये स्थापन झालेला एक राष्ट्रीय न्यास करतो. बाकीच्या काहींची घरे झाली, काहींची सभागृहे.

प्रश्न : मी कोल्हापुरातील मंडळीची सभासद आहे. आमच्या आणि इंग्लंडमधील गावच्या मंडळीत मुख्य फरक कोणता? (एक वाचक भगिनी, न्यू शाहूपुरी)

उत्तर : आपल्या मंडळीचे मूळ इंग्लंडच्या चर्चमध्ये नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे हे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन (बिशपऐवजी निवडलेल्या वडीलजनांनी कारभार पाहणाऱ्या पंथाच्या) मिशनचे झाले. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेसबिटेरियन आणि अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) यांच्यासह निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या. म्हणून आपल्याकडे बिशपही आहेत आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचा आवाजही मोठा आहे. फरक पाहायचा तर तो हद्दीचा आहे. आपल्याकडे मंडळी म्हणजे नाव नोंदवलेली कुटुंबे, मग ती शहराच्या कोणत्याही भागात राहोत. तेथे व्हिकरची जबाबदारी त्याच्या हद्दीतील प्रत्येक घरावर असते, मग त्या घरातील माणसे चर्चची पायरी चढोत वा न चढोत.

उपासनेत आपल्याला परके वाटणार नाही. काही गावांत १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील जुन्या इंग्रजीतली सायंप्रार्थना अजून होते, ती एकदा तरी ऐकावी. स्त्रियांना १९९४ पासून दीक्षा मिळू लागली आणि २०१५ मध्ये पहिल्या स्त्री बिशप झाल्या. खेड्यात व्हिकर म्हणून बाई भेटणे आता नवलाचे नाही. शरद ऋतूत पिकाबद्दल आभार मानण्याची जी उपासना होते, तिचे आजचे रूप कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो गावचे व्हिकर रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ मध्ये सुरू केले. पूर्वी भोपळे, सफरचंदे, गव्हाच्या पेंढ्या खिडक्यांत मांडत. आता गरजूंना वाटण्यासाठी डबाबंद अन्नही त्यांच्या शेजारी ठेवलेले दिसते.

प्रश्न : आमच्या आजीकडून प्लेगच्या वेळी गाव सोडून माळावर खोपटी घालून राहिल्याच्या हकिगती ऐकल्या आहेत. इंग्लंडमध्ये एका गावाने प्लेगमध्ये स्वतःला कोंडून घेतले होते, हे खरे का? (एक वाचक, पन्हाळा तालुका)

उत्तर : खरे आहे. डर्बीशायरच्या डोंगराळ भागातील ईम हे ते गाव. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेग होता. तेथून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून पिसवांबरोबर रोग गावात आला, असे परंपरेने सांगितले जाते आणि त्यात न पटण्यासारखे काही नाही. त्या सप्टेंबरात शिंप्याकडे काम करणारा जॉर्ज व्हिकर्स हा पहिला बळी गेला. हिवाळ्यात साथ ओसरली आणि १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा उसळली. तेव्हा गावचे धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी, त्यांच्या आधीचे पदच्युत धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांना बरोबर घेऊन, गावकऱ्यांना हद्दीबाहेर न जाण्यास राजी केले. हे दोघे चर्चमधील परस्परविरोधी पक्षांचे होते, आणि गावातला बराच मोठा वर्ग अजून जुन्या धर्मगुरूंनाच मानत होता. त्यांच्या साथीखेरीज मॉम्पेसन यांचे कोणी ऐकले असते असे वाटत नाही.

तीन गोष्टी ठरल्या. चर्चला कुलूप लावून उपासना जवळच्या उघड्या दरीत करायची, ज्याने त्याने आपले मृत आपल्याच शेतात किंवा परसात पुरायचे आणि कोणी हद्द ओलांडायची नाही. आजूबाजूची गावे अन्न सीमेवर आणून ठेवीत. डेव्हनशायरचे अर्लही आपल्या चॅट्सवर्थच्या वाड्यातून रसद पाठवीत. मोबदल्याची नाणी सीमेवरच्या दगडात कोरलेल्या खळग्यांत शिर्क्यामध्ये (व्हिनेगरमध्ये) बुडवून ठेवली जात. तो दगड आजही शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या पायवाटेवर आहे. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने त्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले आपल्या हातांनी पुरली. त्या कबरी गावाबाहेर शेतात, दगडी कुंपणाच्या आत आहेत. मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरिन त्याच महिन्यात गेल्या. त्यांची कबर चर्चच्या आवारात, सॅक्सन काळातील दगडी क्रूसाजवळ आहे. सुमारे २६० माणसे दगावली. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्या दरीत जमून स्मरणाची उपासना करते.

आपल्या आजींच्या हकिगतीशी याची तुलना करणे मोलाचे आहे. प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे, म्हणजे घरातच राहणे सर्वांत धोक्याचे. १८९६ नंतरच्या साथीत आपल्याकडील गावे घरे मोकळी करून माळावर गेली, ती स्वतःचा जीव वाचवण्याच्या दृष्टीने योग्य वाटेने गेली. ईमच्या लोकांनी घरातच राहून स्वतःचा धोका वाढवला, पण शेजारची गावे बहुधा वाचवली. या कथेला एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी भावनेचा बराच मुलामा दिला असून सर्वच गावकरी स्वखुशीने राहिले की जायला जागा नव्हती म्हणून राहिले, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. गरिबाला जायला जागा नसते, हे आमच्या मते त्यातील निम्मे तरी सत्य असावे. मॉम्पेसन यांनी स्वतःची मुले आधीच बाहेर पाठवली होती, हेही सांगितले पाहिजे.

याआधीच्या, चौदाव्या शतकातील महामारीची खूण पाहायची असेल तर हर्टफर्डशायरमधील ॲशवेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतील भिंतीवर १३५० मध्ये कोणीतरी लॅटिनमध्ये खरडलेल्या ओळी आहेत.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात इतिहासाचा विद्यार्थी आहे. पॅरिशच्या नोंदवह्यांचा उल्लेख संदर्भात वारंवार येतो. त्यांचे नेमके महत्त्व काय? (एक विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद दर आठवड्याला करण्याचा हुकूम दिला. लोकांना वाटले, हा नव्या कराचा डाव आहे. सुरुवातीच्या नोंदी सुट्या कागदांवर होत्या म्हणून १५९८ मध्ये त्या चर्मपत्राच्या वहीत उतरवण्याचा आणि दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवरांची सही किंवा निशाणी आवश्यक ठरली, आणि १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली ती १ जुलै १८३७ रोजी; त्याआधीच्या तीनशे वर्षांतील सामान्य माणसाचा माग काढण्याचे मुख्य साधन या वह्याच.

आपल्यासारख्या अभ्यासकाने त्यांतून काय काढता येते ते पाहावे. केंब्रिजच्या संशोधकांनी ४०४ पॅरिशच्या नोंदी मोजून १५४१ पासूनची इंग्लंडची लोकसंख्या आणि तिची वाढ ठरवली. खानेसुमारी सुरू झाली १८०१ मध्ये. म्हणजे अडीच शतकांची लोकसंख्या मुख्यतः या वह्यांवरून उभी करण्यात आली. विवाहनोंदीत सही किती जणांनी केली आणि फुलीची निशाणी किती जणांनी केली, यावरून साक्षरतेचा अंदाज बांधतात. लोकरीच्या धंद्याला आधार म्हणून मृताला लोकरीच्याच कापडात पुरण्याची सक्ती १६६६ पासूनच्या कायद्यांनी केली होती, तिच्या पूर्ततेच्या नोंदीही पुष्कळ वह्यांत आहेत. मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात : ही नोंद बाप्तिस्म्याची आहे, जन्माची नव्हे. बाप्तिस्म्याआधी दगावलेली बालके आणि इतर पंथांची कुटुंबे तिच्यातून निसटतात, आणि १६४० ते १६६० या यादवीच्या काळात अनेक गावांच्या नोंदी खंडित आहेत. मूळ वह्या आता बहुतांशी परगण्याच्या अभिलेखागारात असून पुष्कळशा संगणकावर पाहता येतात. विवाहाच्या नोंदीत आईचे नाव यायला मात्र मे २०२१ उजाडावे लागले.

प्रश्न : या खेड्यांत हिंदुस्थानशी, विशेषतः महाराष्ट्राशी संबंधित काही पाहण्यासारखे आहे का? (एक वाचक, रंकाळा परिसर)

उत्तर : महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सरे परगण्यातील लिम्प्सफील्ड या गावी जावे. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात रेसिडेंट असलेले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्तीनंतर तेथे राहिले, १८५९ मध्ये वारले आणि तेथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. पेशवाईचा शेवट ज्याने जवळून पाहिला, किंबहुना घडवला, तो माणूस आज अशा शांत गावात आहे आणि येणारे-जाणारे बहुतेक दुसऱ्याच कोणाची तरी कबर पाहायला येतात.

सफकमधील एल्व्हडन येथील चर्चच्या आवारात महाराजा दुलीपसिंग, त्यांच्या पत्नी महाराणी बांबा आणि मुलगा यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. पंजाबचे राज्य गेल्यावर इंग्लंडला नेलेल्या या राजाने १८६३ मध्ये तेथील इस्टेट विकत घेतली होती. पुढे तो पुन्हा शीख धर्मात परतला, १८९३ मध्ये पॅरिसला वारला, तरीही दफन मात्र येथे ख्रिस्ती पद्धतीने झाले. शीख यात्रेकरू तेथे नेहमी येतात.

ताराबाई पार्कच्या वाचक भगिनींना ऑक्सफर्डशायरमध्येच जवळ पडेल असे ठिकाण म्हणजे स्टोक रो. एडवर्ड रीड या अधिकाऱ्याने आपल्या गावाकडच्या पाण्याच्या टंचाईची हकिगत काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. ती लक्षात ठेवून महाराजांनी तेथे विहिरीसाठी देणगी दिली. १८६४ मध्ये पुरी झालेली ही विहीर ३६८ फूट खोल आणि अवघी चार फूट रुंद असून ती संपूर्ण हातांनी खणलेली आहे. वर सोनेरी हत्ती आणि घुमटी आहे. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली होती. दान आपल्याकडून तिकडे गेल्याचे असे उदाहरण विरळाच.

प्रश्न : मुलीच्या गावी मंगळवारी रात्री तास-दीड तास घंटा वाजत होत्या. कोणता सण होता? सूरही काही ओळखीचा लागेना. (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : सण नसावा, आठवड्याचा सराव असावा. इंग्लंडमध्ये घंटा सुरावर न वाजवता क्रमावर वाजवतात. प्रत्येक घंटेला एक दोर आणि एक माणूस असतो, घंटा मोठ्या चाकावर पूर्ण वर्तुळात फिरते आणि दर फेरीला घंटांचा क्रम ठरलेल्या नियमाने बदलतो. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५०४०. हे ५०४० एकही न चुकता, एकही क्रम पुन्हा न येऊ देता वाजवायला सुमारे तीन तास लागतात आणि सगळे पाठ असावे लागते. सरावाच्या रात्री विचारून वर गेल्यास पाहू देतात. जिना मात्र अरुंद, वळणावळणाचा आणि उंच पायऱ्यांचा असतो, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून जावे. दोराला हात लावू नये. घंटा शेकडो किलोंची असते आणि दोर माणसाला वर उचलून नेऊ शकतो.